जाहिरातीतला खेळ द्या, नाहीतर ४,९९९ रुपये परत करा

भुसावळ, जि. जळगाव
दि. २१ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भारतातील कार्यालय

विषय : शिफारस केलेल्या संगणकावर खेळ नीट न चालणे, दिशाभूल करणारी जाहिरात आणि नाकारलेला परतावा

महोदय,

आपल्या कंपनीने १६ मे रोजी बाजारात आणलेला मोटारींचा खेळ आमच्या मुलीने एप्रिलमध्येच आगाऊ पैसे भरून घेतला. रक्कम ४,९९९ रुपये. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी गल्लीतल्या आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवते, त्या शिकवणीचे हे पैसे. मी स्वतः रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये सत्तावीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. खेळांतलं मला फारसं कळत नाही, पण यंत्र झटके देत असेल तर कळतं. मुलीने ऑनलाइन तीन तक्रारी केल्या. तिन्हींना आपल्या मशीनने उत्तर दिलं, माणसाने एकदाही नाही. म्हणून आता मी लिहितोय.

आधी संगणकाचं सांगून टाकतो, कारण तुमचं पहिलं उत्तर ‘तुमचा संगणक तपासा’ हेच असतं. मार्चमध्ये आम्ही तो जळगावच्या गोलाणी मार्केटातून जोडून आणला. तुमच्या वेबसाइटवरचा ‘शिफारस’ असा तक्ता मुलीने वहीच्या पानावर उतरवून नेला होता, वाण्याकडे किराण्याची यादी न्यावी तसा. सहा कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, एसएसडी. यादीतलं एकही सामान कमी घेतलं नाही. ८२ हजार रुपये गेले. अभ्यासालाही होईल म्हणून मी होकार दिला, हे खरं. पण कार्डाचा आकडा तुमच्या तक्त्यावरून ठरला होता.

खेळ १२८ जीबीचा. आमच्या ४० एमबीपीएसच्या लाइनवर सलग चालला तरी सात तासांचं काम. मध्ये दोनदा लाईट गेली. ते जाऊ द्या, त्यात तुमचा दोष नाही.

खेळ उघडला तर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी आली आणि ४१ मिनिटं तशीच राहिली. शेडर म्हणजे पडद्यावरचा उजेड, सावली, रंग काढणारे छोटे प्रोग्राम. मुलीने मला समजावलं ते असं : टीव्हीला जोडायच्या गेमिंग मशीनमध्ये सगळीकडे एकच हार्डवेअर असतं, त्यामुळे हे काम कंपनी आधीच करून पाठवू शकते. घरच्या संगणकात कार्ड वेगळं, ते चालवणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम वेगळा, म्हणून ते ज्याच्या त्याच्या घरी करावं लागतं. हे मला पटलं. एवढा वेळ बसून केलं तर केलं, पण मग ते पूर्ण तरी करा. गाडी नव्या रस्त्याला लागली, पहिल्यांदा धूळ उडाली, पहिल्यांदा पाऊस आला की प्रत्येक वेळी पडदा क्षणभर थिजतो. म्हणजे ४१ मिनिटांत जे व्हायचं होतं त्यातलं बरंचसं चालत्या गाडीत उरकायला ठेवलं आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या तक्त्यात ‘शिफारस’ या शब्दापुढे १०८० पी आणि ६० फ्रेम असं लिहिलं आहे. १०८० पी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र, आणि सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक नवं चित्र. मी वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या नोंदवल्या, शेडमध्ये लॉगबुक भरायचो तशा. तुमच्याच ‘उच्च’ सेटिंगवर सरासरी ५४ आली. ऐकायला वाईट वाटत नाही. पण जुन्या बाजारपेठेच्या वळणावर एकेक चित्र २१० मिलिसेकंद अडकून राहिलं. तेवढ्या वेळात बारा चित्रं जायला हवी होती. भुसावळ-जळगाव पॅसेंजर वेळेवर पोहोचली पण वाटेत दहा वेळा असा हिसका दिला की हातातला चहा अंगावर सांडला, तर ड्रायव्हरच्या वहीत मी ‘सरासरी वेग समाधानकारक’ असा शेरा मारून इंजिन पुन्हा लाइनीवर सोडत नसे. खेळणाऱ्याला हिसकाच जाणवतो, आणि वळणावर हिसका बसला की गाडी कठड्यावर जाते. आमची आई मागे बसून बघत होती. ती म्हणाली, “इतले पैसे टाकले अन् हे तं अडखयते!” ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोळ्यांना दिसलं ते तुमच्या तपासणी विभागाला दिसलं नसेल, हे मानायला मी तयार नाही.

त्यातही ती ५४ खरी नव्हती. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ‘अपस्केलिंग : परफॉर्मन्स’ हे आधीपासूनच चालू होतं. त्याचा अर्थ मी मुलीकडून समजून घेतला तेव्हा डोकं फिरलं. पडद्यावर १९२० बाय १०८० दिसत असलं तरी आत चित्र ९६० बाय ५४० चंच काढलं जातं, आणि मग ते फुगवून पडद्यावर लावलं जातं. म्हणजे एक चतुर्थांश ठिपके खरे, बाकीचे अंदाजाने भरलेले. ते बंद केलं तर सरासरी ३१ वर आली. तंत्र चांगलं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण मग तक्त्यात १०८० पी कशाला लिहिता? ५४० लिहा, खाली ‘फुगवून’ लिहा, गिऱ्हाईक बघेल काय करायचं ते.

तुमच्या दुसऱ्या उत्तरात ‘फ्रेम जनरेशन चालू करून पाहा’ असा सल्ला होता. केलं. आकडा जवळजवळ दुप्पट झाला. पण ती दोन खऱ्या चित्रांच्या मधे घुसवलेली बनावट चित्रं आहेत. कळ दाबल्यापासून गाडी वळेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. आधीच निदान साठेक खऱ्या फ्रेम असतील तरच त्याचा उपयोग, असं हे तंत्र बनवणारेही सांगतात. आमच्याकडे मूळच्याच ३१. मुलगी म्हणाली, स्टिअरिंगला गूळ लावल्यासारखं वाटतं.

आणि ८ जीबीच्या कार्डावर ‘उच्च’ पोत, म्हणजे भिंती-रस्त्यांवर चढवायची बारकाव्याची चित्रं, निवडले की मेमरी भरून वाहते. मग उरलेला माल रॅममधून ने-आण होतो, आणि रस्त्याकडेच्या भिंती शेणाने सारवल्यासारख्या दिसतात. जवळ गेलं की चार-पाच सेकंदांनी विटा उमटतात.

तुमच्या त्या दुसऱ्या उत्तरात ‘संगणक तापत असावा’ असंही होतं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी ४४-४५ अंश होतात, त्यामुळे शंका रास्त. मी दुपारी कूलरसमोर आणि पहाटे साडेचारला, दोन्ही वेळा मोजलं. कार्ड दुपारी ७६ अंशांवर, पहाटे ६८ वर. कार्डाचा वेग कुठेच उतरला नाही. अडखळणं मात्र दोन्ही वेळा त्याच वळणावर. ऊन आमचं, दोष तुमचा.

आता जाहिरात. त्यात तोच बाजार, तेच वळण, पाऊस पडतोय, ओल्या फरशीत दिव्यांची प्रतिबिंबं, आणि सगळं लोण्यासारखं सरकतंय. हिंदीत मोठा आवाज : ‘यह खेल नहीं, हकीकत है.’ मुलीने ती थांबवून मला दाखवली. तळाशी करड्या रंगात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, जेमतेम दोन सेकंद एक ओळ येते : दृश्यं सर्वांत महागड्या कार्डावर, अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशनसह घेतली आहेत. त्या एका कार्डाची किंमत दोन लाखांच्या पुढे आहे. आमच्या अख्ख्या संगणकाच्या अडीचपट. केळीचा व्यापारी एक निवडक घड दाखवून भाव ठरवतो आणि ट्रकमध्ये भलताच माल भरतो, असं आमच्याकडे रावेर-सावद्याला घडलं तर त्याच दिवशी भांडण होतं.

खेळ बाहेर पडायच्या घटकेपर्यंत घरच्या संगणकावरचं एकही परीक्षण येऊ दिलं नाही, हेही मुलीच्या लक्षात आलं होतं. तरी तिने आधीच पैसे भरले. ती चूक तिची. मी तिला बोललो आहे.

परताव्याबद्दल. तुमच्या दुकानाचा नियम असा की चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. १८ मे रोजी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी नव्हे तर तिसऱ्या दिवशी, आम्ही अर्ज केला. तो नाकारला, कारण तुमच्या घड्याळात २ तास ५१ मिनिटं भरली होती. त्यातली ४१ मिनिटं शेडरची. १७ मे रोजी तुमच्याच मदत केंद्राने ड्रायव्हर बदलायला सांगितला, त्यामुळे शेडर पुन्हा पहिल्यापासून, आणखी ३४ मिनिटं. हे सव्वा तास वजा केले तर उरतो १ तास ३६ मिनिटं, आणि त्यातलाही बराचसा वेळ सेटिंग बदलण्यात गेला. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीचं भाडं प्रवाशाकडून कोणी घेत नाही.

पैसे परत करणं अशक्य आहे असंही नाही. जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन : आर्कम नाइट’ या खेळाची संगणकावरची विक्री याच कारणाने बाहेर पडल्यावर लगेच थांबवली गेली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ सोनीने आपल्या दुकानातून आठवडाभरात काढून टाकला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. त्या कंपन्या तुमच्याहून लहान नव्हत्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी धरली आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खुलासा हा दाव्याच्याच भाषेत हवा आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत हवा; तुमचा दावा हिंदीत, खुलासा इंग्रजीत. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. आमच्या पहिल्या तक्रारीला महिना उलटून गेला.

तरी विनंती की ४,९९९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत, वॉलेटमध्ये कूपन म्हणून नको. तक्त्यात अपस्केलिंग धरून की सोडून, हे स्पष्ट छापावं. आणि शेडर तयार होण्याचा वेळ खेळण्याच्या वेळात मोजू नये. त्याने माझे पैसे वाढत नाहीत, पण आमच्या गल्लीत अजून दोन पोरांनी हाच खेळ घेतला आहे. पंधरा दिवसांत माणसाच्या सहीचं उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. गिऱ्हाईक राहतं तिथेच अर्ज देता येतो आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, त्यामुळे मला फक्त पॅसेंजरचं तिकीट पडेल.

सोबत पावतीची प्रत, फेऱ्यांच्या नोंदी, थांबवलेल्या जाहिरातीचं छायाचित्र आणि तुमच्या मशीनची तिन्ही उत्तरं जोडली आहेत.

आपला,
(सही)

ता. क. आगाऊ पैसे भरल्याबद्दल खेळातल्या ड्रायव्हरला तुम्ही सोनेरी जॅकेट दिलं होतं. तेही परत घ्यावं. सोनं आम्ही जळगावला घेतो, तिथे वजन करून देतात.