बंदरात अडकलेल्या बीटलविषयी मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या वेळेची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून चार ओळींत आटपायचं ठरवलं होतं. पण मंगळवारी बंदरावर जे झालं, त्यानंतर चार ओळी पुरणार नाहीत.

आम्ही नवरा-बायको कायमचे ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघालो आहोत. घर विकलं, कपाटं, पुस्तकं, भांडीकुंडी वाटून टाकली. सोबत न्यायची वस्तू एकच, वडिलांची १९६६ची फोक्सवॅगन बीटल. तिच्या मागच्या सीटची उसवलेली शिवण आईने दाभणाने घातली होती. वाकडीतिकडी आहे. तीन वेळा सीटकव्हरं बदलली, पण तेवढ्या तुकड्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. लोक म्हणतात, तिकडे नवी घ्या. घेऊ की. ती शिवण कुठल्या शोरूममध्ये मिळते तेवढं सांगा.

तर मंगळवार. तपासणी अधिकारी म्हणाले, बॉनेट उघडा. उघडलं. आत स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी. त्यांनी वाकून पाहिलं, शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "इंजिन आढळले नाही." मी म्हणालो, साहेब, हिचं इंजिन मागे असतं. ते म्हणाले, "मागे डिकी असते." मी मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं. त्यांनी पाहिलंही. पण शेरा लिहून झाला होता, तो खोडायचा अधिकार वरिष्ठांना, आणि वरिष्ठ सोमवारपर्यंत रजेवर! या मॉडेलच्या २ कोटी १५ लाखांवर गाड्या निघाल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोत. एकीचंही इंजिन पुढे नव्हतं. आपल्या खात्याने मात्र पहिली बिनइंजिनाची बीटल शोधून काढली, अभिनंदन.

त्याच फॉर्मवर "रेडिएटरमधील पाणी काढले आहे काय?" असा प्रश्न आहे. ही गाडी हवेवर थंड होते, तिला रेडिएटरच नाही. "लागू नाही" लिहिलं तर चालत नाही, होय किंवा नाही यावरच खूण करायची. मी "होय" केलं. इतकी वर्षं नसलेलं पाणी मी काढलं, महोदय.

हे सगळं हसून सोडलं असतं, पण कागदांचं काय झालं ते ऐका. सीमाशुल्कवाल्यांना नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हवा होता. नोंदणी कार्यालय म्हणालं, गाडी देशाबाहेर गेल्याचा कागद आणा, मग रद्द करू. अकरा खेपा झाल्यावर त्यांना दया आली, नोंदणी रद्द केली आणि नोंदणीचं मूळ पुस्तक जमा करून घेतलं. आता सीमाशुल्कवाले विचारतात, मालकी कशावरून? मूळ पुस्तक दाखवा. चासी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर कोरलेला आहे. त्याचा पेन्सिल प्रिंट मी निदान सतरा वेळा दिला असेन, अठराही असेल. तरी आज माझी गाडी इथली नाही आणि तिथली अजून झालेली नाही. यार्डात बॅटरी काढून उभी आहे आणि डेमरेजचं, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याच्या आकाराचं, मीटर रोज पुढे चाललंय.

आपणच गेल्या वर्षी "एक खिडकी" जाहीर केली होती. टाळ्यांत मीही होतो. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारातही ही खिडकी आहे, दहाव्या कलमात, आणि तो २२ फेब्रुवारी २०१७ला अमलात आला. आपल्याकडची खिडकी मी पाहिली. तिच्यावर पाटी होती, "चौकशी पलीकडच्या इमारतीत".

ऑस्ट्रेलियावाले काही लाड करत नाहीत. गाडी जहाजावर चढण्याआधी परवानगी हातात हवी, नाहीतर पाठवूच नका म्हणतात. ॲस्बेस्टॉसवर त्यांची ३१ डिसेंबर २००३पासून पूर्ण बंदी. जुन्या गाडीच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये ते असू शकतं, म्हणून मिस्त्रीने इंजिन उतरवून सगळं बदललं, वर प्रयोगशाळेचा अहवाल जोडला. मातीचा कण, गवताचं बी चालत नाही, म्हणून मी आणि बायको दीड दिवस मडगार्डखाली टूथब्रश घेऊन पडलो होतो. पण काय हवं ते त्यांनी आधी सांगितलं, आणि एकदाच.

आणि जहाजावर गाडीचं काही बरंवाईट झालं तर? जहाज कंपनीच्या कागदावर हेग-विस्बी नियम छापलेत, समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची भरपाई किती ते ठरवणारे. नगामागे ६६६.६७ किंवा किलोमागे २ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), यांतलं जे जास्त तेवढीच जबाबदारी. गाडी आठशे किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे १६०० एककं. भंगाराच्या काट्यावर वडिलांची गाडी! विमा वेगळा काढायला गेलो, तर कंपनीने तुमचा तपासणी अहवाल मागितला. तो मी अजून दाखवलेला नाही. इंजिन नसलेल्या गाडीचा हप्ता कमी बसेल कदाचित.

खरा राग गाडीचा नाहीच. माझ्या पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का मारायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. चाळीस वर्षं कर भरलेला माणूस निघाला तर का निघालास म्हणून कुणी विचारत नाही, त्याची गाडी निघाली की सगळी यंत्रणा जागी होते. आणि जागी होऊनही समोरचं इंजिन बघत नाही, रकाना बघते. जन्माचा दाखला, सातबारा, पेन्शन, सगळीकडे हेच. समोर उभा असलेला माणूस हयात आहे की नाही, हे विचारणारा दाखला मी दर नोव्हेंबरला भरतो. आपण बदली कराल त्या अधिकाऱ्याची, दुसरा येईल, तोही पुढचंच झाकण उघडेल.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. शेरा दुरुस्त करा, मूळ पुस्तकाची साक्षांकित प्रत द्या आणि तुमच्या चुकीच्या दिवसांचं डेमरेज माझ्या माथी मारू नका. आमची तिकिटं पुढच्या महिन्याची आहेत.

आपला,
एक करदाता, तूर्तास

ता. क. वरिष्ठ सोमवारी येतील तेव्हा मागचं झाकण उघडतील. तिथे पेट्रोलची टाकी दिसणार नाही. ती पुढे आहे.