फुटलेल्या पेपरचं पुढे काय झालं, ते पोरांना कळू द्या

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
जय हिंद.

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात भरतीची पोरं तयार करतो. पहाटे पाचला सोळाशे मीटरची धाव, मग बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून वर खेचणं. कुणाचा बाप ऊसतोडीला, कुणाची आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी सैनिक जीडीची (जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या शिपायाची) लेखी परीक्षा होती. पुण्यात पेपर फुटल्याचं उघड झालं आणि परीक्षा रद्द झाली. मैदानी आणि मेडिकल पास झालेली माझी पोरं पेपरच्या आशेवर होती. वयाची अट तेव्हा एकवीसची. या वयात एकेक महिना मोलाचा असतो. चार वर्षं आधी, २०१७ मध्येही ठाणे पोलिसांनी पुणे, नागपूर, गोव्यात छापे टाकून भरतीचा फुटलेला पेपर पकडला होता. तेव्हा १८ जणांना अटक झाली, सुमारे ३५० उमेदवार ताब्यात घेतले गेले.

मार्च २०२१ मध्ये एसएसबीच्या, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, निवडीतल्या लाचखोरीबद्दल सीबीआयने २३ जणांवर गुन्हा नोंदवला. त्यातले १७ लष्करातले, लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंतचे. तक्रार लष्कराच्याच दक्षता विभागाची होती. याचा मला अभिमान आहे. आपल्याच वर्दीतल्या माणसाविरुद्ध लिहून द्यायला छाती लागते.

पण छापा पडतो त्या दिवशी बातमी येते, नंतर सगळं शांत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला दोन वर्षांत, फार तर चार वर्षांत संपवावा असं लिहिलंय. खटल्याच्या मंजुरीलाही तीन महिने, वर एक महिना, अशी मुदत आहे. ही मंजुरी सरकारकडूनच लागते, म्हणून पत्र आपल्याला. सीबीआयला २०११ पासून माहिती अधिकारातून सूट आहे; पण भ्रष्टाचाराच्या आरोपांची माहिती त्याच कायद्याने त्या सूटीबाहेर ठेवली आहे. मग ती मागायची वेळ तरी का यावी?

सैन्यभरतीतल्या भ्रष्टाचाराच्या प्रत्येक प्रकरणात तपास, मंजुरी, आरोपपत्र आणि कोर्ट मार्शल कुठवर आलं, याचं निवेदन दर सहा महिन्यांनी संसदेत ठेवा. ते मराठीतही काढा आणि प्रत्येक भरती कार्यालयाच्या फलकावर लावा. आमची पोरं तिथे रांगेत उभी असतात, तेव्हा वाचतील.

आपला,
एक निवृत्त हवालदार