पक्याला पत्र: तुझी नोटीस आणि माझी ॲक्टिव्हा

प्रिय पक्या,

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही. पोराने महिन्याभरात चारपाच वेळा पहिला तास बुडवला म्हणून शाळेची नोटीस, आणि त्यात आईबापावर केस होऊ शकते असं छापलेलं. पोटात गोळा येणारच रे. पण खाली जे लिहिलंयस, की मी बाप म्हणून नापास झालो, ते वाचून मला फार वाईट वाटलं. दोन दिवस तुमच्या टेक्सासचे कायदे वाचत बसलो, आणि वाचताना माझंच एक प्रकरण सारखं डोळ्यासमोर येत होतं जे मी तुला अजून सांगितलेलं नाही.

आधी तुझं. ती नोटीस म्हणजे कोणी तुमच्यावर बोट ठेवलेलं नाही. चार आठवड्यांत तीन गैरहजेऱ्या झाल्या की शाळेला ते पत्र पाठवावंच लागतं, आणि दिवसातला एखादा तास बुडला तरी ती मोजतात. सहा महिन्यांत दहा भरल्या तर प्रकरण ट्रुअन्सी कोर्टात, म्हणजे शाळा बुडवण्याच्या केसेस चालतात त्या कोर्टात, जाऊ शकतं, पण त्याच्या आधी शाळेने स्वतः काहीतरी प्रयत्न करायला हवेत असं कायद्यातच आहे, ते तू जाऊन मागून घे. पालकाला दंड होतो तो त्याने पोराच्या हजेरीकडे गुन्हा ठरावा इतकं दुर्लक्ष केलं असं सिद्ध झालं तर, पहिल्या वेळी 100 डॉलरपर्यंत, मग वाढत वाढत 500. 2015 च्या आधी तर शाळा बुडवणं हा खुद्द पोरावरच फौजदारी गुन्हा होता, 2013 या एका वर्षात लाखाच्या वर केसेस झाल्या होत्या तिथे! शाळा चुकवली म्हणून चौदा-पंधरा वर्षांची पोरं कोर्टात उभी. ते सप्टेंबर 2015 पासून बंद झालं हे बरंच झालं.

वहिनी म्हणतात तो रात्रीचा कर्फ्यू परत यावा, त्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. डॅलसला सतराच्या आतल्या पोरांना एरवी रात्री अकरानंतर आणि शुक्रवार-शनिवारी बारानंतर बाहेर बंदी होती, आणि सप्टेंबर 2023 पासून राज्याने शहरांचा असा नियम करायचा अधिकारच काढून घेतला. वहिनींची काळजी मला कळते. पण 2016 मध्ये कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर कर्फ्यूने गुन्हे कमी होतात असं काही दिसलं नाही. आणि तू आठव ना, नववीत आपण दोघंच गणपती बघायला रात्रभर फिरलो होतो, हत्ती गणपती, तुळशीबाग, मग मंडईचा शारदा गणपती, तिथे रांगेत तुझी चप्पल तुटली आणि तू पहाटेपर्यंत एका पायाने अनवाणी चाललास. ती रात्र कोणी नियम करून काढून घेतली असती तर? आपल्याकडे पोरांसाठी असा सरकारी कर्फ्यू नाहीच. घरचा होता, दिवेलागणीच्या आत घरात, आणि तो फक्त माझ्या बहिणीला होता, मला नाही, हे आज आठवलं तरी लाज वाटते.

आता माझं. जूनमध्ये पोराची अकरावी सुरू झाली, क्लास सिंहगड रोडला, बस वेळेवर येत नाही म्हणून रोज कटकट, आणि एक दिवस मीच म्हटलं घेऊन जा ॲक्टिव्हा, गल्लीतल्या गल्लीतनं जा, हेल्मेट घाल. वय साडेसोळा. तिसऱ्या आठवड्यात राजाराम पुलापाशी ट्रॅफिकवाल्यांनी अडवलं, मला फोन आला. मी पोचलो तेव्हा पोरगं फूटपाथवर बसलेलं, मांडीवर माझंच हेल्मेट, जे त्याला ढिलं होतं आणि मला तीन आठवडे दिसलं नव्हतं. हवालदार माझ्याच वयाचे असतील, आवाज न चढवता एवढंच विचारलं, "साहेब, किल्ली कुणी दिली?"

पक्या, मला उत्तर देता येईना.

कायदा तेच विचारतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 199अ कलम आलं, अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरतात, तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'मला माहीत नव्हतं, पोराने लपूनछपून नेली' असं सिद्ध करता आलं तर पालक सुटतो. मला ते म्हणता येणार नव्हतं. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हा सोसायटीच्या गेटवर त्या बापाबद्दल मीच सगळ्यात मोठ्याने बोलत होतो. आणि घरी येऊन वर्षभरात किल्ली दिली. अंतर फक्त गाडीच्या किमतीचं. म्हणून म्हणतो, हा कायदा मला बरोबर वाटतो, अगदी माझ्यावर लागला तरी. त्यात पकडतात ते ज्याच्या हातात अडवणं होतं त्यालाच.

पण हाच न्याय शाळेला लावायला गेलं की माझं मन मागे येतं. आमच्याकडे भांडी करायला येतात त्या मावशी पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत राहतात, नवरा नाही, सहाला घर सोडतात, सात घरची कामं. पोरगा तेरा वर्षांचा, कॉर्पोरेशनच्या शाळेत सातवीला. दिवाळीनंतर जाईनासा झाला. पहाटे चारला मामाबरोबर मार्केट यार्डात पालेभाजीच्या गाळ्यावर जायचा, टेम्पोतनं कोथिंबिरीच्या जुड्या उतरवायला. एकदा आईबरोबर आमच्याकडे आला होता, चहाचा कप धरला तर नखात हिरवं-काळं बसलेलं, आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटत होते. शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या तशा मावशी घाबरल्या, मला विचारतात, "दादा, मला दंड होईल का हो? कुठनं भरू?"

नाही होणार, मावशी. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, शिक्षा काही ठेवलेली नाही. आणि बालमजुरीचा कायदा बघ, 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतलं पोर कामाला ठेवलं तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 दंड, आणि आईबापाला पहिल्या वेळी काहीच नाही. हे ज्याने लिहिलं त्याला घर माहीत होतं असं मला वाटतं. सहाला बाहेर पडणाऱ्या बाईला हजेरीचा जाब विचारून पोरगं शाळेत बसत नाही, गाळेवाल्याला विचारलं तर बसेल.

तू म्हणशील शाहू महाराजांनी नव्हता का दंड लावला? लावला, 1917 मध्ये कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया. पण ते शिक्षण मोफत होतं आणि त्याच्या आधी सोळा वर्षांपासून ते गरिबांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढत होते. आधी दार उघडलं आणि मग रुपया मागितला, आणि हा क्रम आपण पार विसरून गेलोय.

मावशींचं पोरगं गेले दोन आठवडे शाळेत जातंय, बाई दर सोमवारी वसाहतीत चक्कर मारतात म्हणून. टिकेल का बघू. मामाशी मी बोललोय, गाळेवाल्याशी अजून बोललेलो नाही, या रविवारी पहाटे जाणार आहे. ॲक्टिव्हाची किल्ली हिच्या कपाटात आहे आणि पोरगं बसने जातंय, वीस मिनिटं आधी निघतं एवढंच.

तू दंडाचं आणि कोर्टाचं डोक्यातनं काढ. तुझी परिस्थिती मावशींसारखी नाही, तुला सकाळी वेळ आहे, गाडी आहे, तू त्याला सोडू शकतोस. पण त्याच्याशी आधी बोल. तुझ्या एवढ्या लांब मेलमध्ये तो तास का बुडवतो हे कुठेच नाहीये पक्या. पहिला तास कशाचा असतो आणि त्या वर्गात त्याच्या शेजारी कोण बसतं, ते विचार आणि मला कळव.

तुझा,
दिल्या