त्सुरेकी म्हणजे केक नव्हे

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत जगभरच्या सणांच्या ब्रेडवर अर्धं पान दिलंत, बरं वाटलं, पण ग्रीकांच्या ईस्टरच्या त्सुरेकीला 'शोभेसाठी अंडं लावलेला केक' म्हटलंय ते काही पटलं नाही. अहो केक कुठला, तीन पेडी वेणी घातलेला यीस्टचा गोड ब्रेड आहे तो, तोडला की धागे धागे सुटतात. आणि ते लाल अंडं म्हणजे येशूचं रक्त.

मी ग्रीक मालकाच्या जहाजावर इंजिनियर होतो, एका वर्षी ईस्टरच्या आठवड्यात जहाज अथेन्सच्या पिरेअस बंदराजवळ रिपेअरला लागलेलं. गुरुवारी आमच्या ग्रीक कुकने ढीगभर अंडी लाल रंगात उकडली, काही वेणीत खोचली, बाकीची परातीत. शनिवारी संध्याकाळी भूक लागली म्हणून मी सहज एक उचललं तर त्याने माझ्या मनगटावर चमचाच हाणला! कारण त्यांचा 48 दिवसांचा उपास, त्यात मटण, दूध, अंडी सगळं बंद (कालवं, ऑक्टोपस मात्र चालतो, घ्या, म्हणजे आपली साबुदाण्याची खिचडी काहीच नाही). मध्यरात्री चर्चची घंटा झाल्यावर 'क्रिस्तोस अनेस्ती' (ख्रिस्त उठला) म्हणायचं आणि मग एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटायचं, शेवटपर्यंत ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं. माझं पहिल्याच टकरीत फुटलं. वर मगिरित्सा, कोकराच्या वजडीचं लिंबू-अंडं घातलेलं सूप, ते मात्र दोन वाट्या हाणलं.

दुसरं, तारीख. ग्रीकांचा ईस्टर आपल्याकडच्याच दिवशी असतो असं तुम्ही धरलंय. 2025 ला आपल्याकडचा आणि ग्रीकांचा असे दोन्ही ईस्टर 20 एप्रिललाच आले म्हणून तुमचा गोंधळ झाला असेल, पण दर वर्षी तसं नसतं, 2026 ला वसई-गोव्यातला 5 एप्रिलला आणि ग्रीकांचा 12 ला.

आणि रेसिपीत नुसता व्हॅनिला का दिलात? त्सुरेकीचा वास येतो तो महलेपी म्हणजे रानचेरीच्या बियांतल्या गराच्या पुडीचा आणि ग्रीसच्या खिऑस बेटावरच्या मास्तिहाचा, म्हणजे तिथल्या झाडाच्या डिंकाचा. महलेपी इथे मिळणं कठीण, पण मास्तिहा म्हणजे आपली रुमी मस्तकी, काष्ठौषधीच्या दुकानात मागा. थोड्या साखरेबरोबर कुटा नाहीतर खलाला चिकटून बसते, आणि चिमूटभरच घाला, जास्त झाली की कडू लागतं.

– एक निवृत्त मरीन इंजिनियर, डोंबिवली