दादा-ताई निवडताना

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार. आठवीच्या मुलांनी सहावीतल्यांना गणितात हात द्यायचा, हा तुझा बेत आवडला. फक्त 'दादा-ताई' म्हणून तू वर्गातले पहिले पाच नंबर निवडलेस, ती यादी आधी फाड. हुशार पोरगा सहज 'सोप्पं तर आहे रे' म्हणून जातो. समोरच्याला ते सोप्पंही आलं नाही, की 'मला गणित येतच नाही' याला आयता पुरावा मिळतो. सहावीत असताना याच गणितांत अडकलेली आणि आता बऱ्यापैकी सावरलेली मुलं शोध.

डेल शुंक आणि अँटोनेट हॅन्सन या संशोधकांनी १९८५मध्ये वजाबाकीत कच्च्या मुलांना चित्रफिती दाखवल्या. काहींना आपल्यासारखंच मूल वजाबाकी शिकताना दिसलं, काहींना शिक्षक ती करून दाखवताना दिसले. मूल पाहणाऱ्यांचा स्वतःवरचा भरवसाही जास्त वाढला आणि वजाबाकीही जास्त सुधारली. १९८७च्या अपूर्णांकांवरच्या प्रयोगात तर पहिल्यापासून बिनचूक सोडवणाऱ्या मुलापेक्षा आधी चाचपडून मग जमवणारं मूल जास्त उपयोगी पडलं.

जोड्या लावण्याआधी नेमकं कुठे अडतंय ते बघ. 'येत नाही' हे बरेचदा खरंच असतं, फक्त ते सगळ्या गणिताबद्दल नसून एका पायरीबद्दल असतं. ५०२ − २४७ घालून बघ. उत्तर ३४५ आलं, तर पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. त्याला हातचा घेणं कळलेलं नाही, साधी वजाबाकी येते. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याची गाठ वेगळी, त्याला छेद म्हणजे काय तेच उमगलेलं नाही. फळा नीट दिसतो का, हेही विचार. चष्म्याअभावी 'ढ' ठरलेली मुलं असतात.

आठवड्यातून दोनदा, अर्धा तास पुरे. खेळाच्या तासाला मात्र बोलावू नकोस, शिक्षा वाटते. सुरुवात हमखास येणाऱ्या एका गणिताने. मग दादाने एक गणित मोठ्याने बोलत सोडवायचं, 'इथे मी शून्याला अडायचो' हेही सांगत. पुढची तीन-चार धाकट्याने. पेन्सिल कायम धाकट्याच्या हातात, आणि तो अडला तरी मनात दहा आकडे मोजल्याशिवाय दादाने तोंड उघडायचं नाही. हे सर्वांत अवघड जातं, म्हणून दादा-ताईंकडून आधी एकमेकांवर सराव करून घे. 'हुशार आहेस' म्हणायचं नाही. 'हातचा घेतल्यावर वरचा आकडा खोडलास, म्हणून बरोबर आलं' असं नेमकं सांगायचं. शेवटी वहीत एक ओळ: मागच्या वेळी न आलेलं आज काय आलं.

एकाच वर्गातल्या जोड्या टाळ, तिथे लगेच मार्कांची तुलना सुरू होते. दादाच्या हाती हजेरी, तक्रारवही असलं काही देऊ नकोस. त्याचा मॉनिटर झाला की धाकटा अडलेलं लपवू लागतो. आणि घरच्या मारहाणीसारखं काही कानावर आलं तर ते पोटात न ठेवता तुझ्याकडे यायचं, हे दादा-ताईंना पहिल्याच दिवशी बजाव. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लाव.

उपयोग होतोय का, हे मोजायला भाषणं नकोत. सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी तशाच दहा गणितांचा कागद दे. सोडवण्याआधी प्रत्येक गणितापुढे 'हे जमेल याची खात्री किती' ते शून्य ते दहात लिहायला सांग. मार्क वाढले पण खात्री नाही, तर बहुधा दादा फार मदत करतोय. खात्री वाढली आणि मार्क तिथेच, तर नुसतं कौतुक चाललंय. पहिल्या प्रकारच्या जोडीत दादा बदलायची घाई नको, आधी एक तास मागे बसून पेन्सिल कुणाच्या हातात आहे ते बघ. दुसऱ्या प्रकारच्या जोडीला आणखी सोपी गणितं द्यायची, आणि जिथे तुटलंय तिथून पुन्हा सुरू करायचं.

कागदाचा कच्चा नमुना करून धाड, मी बघून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र