चि. निखिलला, त्या दोन बटणांबद्दल

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

गौरी जेवल्या त्या दिवशी आपलं जे वाजलं, त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. फक्त त्या यंत्राबद्दल लिहिते.

पानं वाढली होती. पेनड्राइव्हएवढं ते हार्डवेअर वॉलेट, म्हणजे तुझ्या क्रिप्टोच्या व्यवहारांवर सही करणारं यंत्र, लॅपटॉपला जोडून तू उजवं बटण टकटक दाबत होतास आणि इवल्याशा पडद्यावर आकडे-अक्षरांची रांग सरकत होती. शेवटी दोन्ही बटणं एकदम दाबलीस. मी विचारलं, काय लिहिलं होतं रे? म्हणालास, "काही नाही गं, तसंच येतं." माझा आवाज चढला तो त्या उत्तरावर, पैशांवर नाही.

बाबांनाही पतसंस्थेत हेच ऐकवलं होतं. भाऊकाकांच्या कर्जाला जामीन राहताना त्यांनी विचारलं, यात काय लिहिलंय? तर समोरचा म्हणाला, छापील असतं साहेब, सगळ्यांना तसंच असतं. तुझी सायकल का लांबली आणि ताईचं पुण्याचं का राहिलं, ते आता तुला कळत असेल. हा विषय काढणार नव्हते. निघाला.

तू गेल्यावर मुक्ताला बसवून घेतलं आणि सगळं समजावून घेतलं. तिला वाटलं, मावशी दहा मिनिटांत कंटाळेल. मी वही घेऊन बसले.

तुझं एक म्हणणं आधी मान्य करते. यंत्र चांगलं आहे. खासगी किल्ली, म्हणजे ज्यानं सही होते तो गुप्त आकडा, त्याच्या आतच राहते, लॅपटॉपला व्हायरस लागला तरी बाहेर येत नाही. पण तूच सही करून देणार असशील तर किल्ली चोरायची गरज कुणाला आहे? यंत्र सही करतं; कशावर करायची ते तू ठरवतोस.

मुक्ता म्हणाली, एखाद्या साइटवर टोकन, म्हणजे क्रिप्टोतली नाणी, बदलायला गेलं की पहिली सही बहुतेकदा पैसे पाठवण्याची नसतेच. ती 'अप्रूव्ह'ची असते. म्हणजे अमुक पत्त्यावरच्या (पत्ता म्हणजे आपल्या खाते क्रमांकासारखाच) प्रोग्रामला माझी टोकन इतक्या रकमेपर्यंत उचलू द्या. रकमेच्या जागी बऱ्याच साइट 'अनलिमिटेड' घालून ठेवतात. मला तिथेच घाम फुटला. सही केलेला कोरा चेक आहे तो, आणि त्यावर तारीखसुद्धा नाही. सही केल्या दिवशी एक पैसा हलत नाही, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं. साइटवरून वॉलेट 'डिस्कनेक्ट' केलं तरी परवानगी तशीच राहते. ती काढायला वेगळा व्यवहार करावा लागतो. 'परमिट' नावाचा प्रकार तर त्याहून बेरकी. त्याला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, लागत नाही, दिसायला नुसता मेसेज. तुझी सही झाली की ती घेऊन चेनवर, म्हणजे सगळ्यांच्या त्या सामायिक खातेवहीत, टाकायचं काम दुसराच कुणी करतो.

आणि ती रांग? ती म्हणे व्यवहाराचा कच्चा डेटा, नाहीतर हॅश, म्हणजे त्या डेटाचा नुसता ठसा. 'ब्लाइंड सायनिंग', म्हणजे न वाचता सही, तूच सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं असणार, त्याशिवाय यंत्र अशा गोष्टीवर सही करू देत नाही. काही साइट त्याविना चालत नाहीत हेही मुक्तानं सांगितलं, म्हणजे तुझी बाजूही ऐकली बरं का. कच्चा डेटा असेल तर सुरुवातीची आठ अक्षरं तरी वाचता येतात. वहीत उतरवून ठेवली आहेत: ०९५ईए७बी३ म्हणजे अप्रूव्हल, ए९०५९सीबीबी म्हणजे ट्रान्स्फर, ए२२सीबी४६५ म्हणजे एका संग्रहातले तुझे सगळे एनएफटी (ती डिजिटल चित्रं वगैरे) उचलायची दुसऱ्याला परवानगी. नुसता हॅश असेल तर मात्र त्यातून काहीच वाचता येत नाही.

तू म्हणशील, हे नवख्यांच्या बाबतीतच घडतं. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे क्रिप्टो चलन चोरीला गेलं, तिथे सह्या करणारे नवखे नव्हते. एकाच्या सहीनं उघडणारं वॉलेटही नव्हतं, कित्येकांच्या सह्या लागत होत्या. संगणकावर नेहमीची रक्कम-बदली दिसत होती, आणि सही झाली ती वॉलेटचा ताबाच दुसऱ्या प्रोग्रामला देणाऱ्या व्यवहारावर. एफबीआयनं उत्तर कोरियाचं नाव घेतलं. कुणाचंही घे, सह्या मात्र खऱ्या होत्या! त्याआधी १८ जुलै २०२४ ला आपल्या भारतातल्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे तेवीस कोटी डॉलर गेले, तेव्हाही कंपनीनं हेच सांगितलं, की पडद्यावर एक दिसत होतं आणि सही दुसऱ्यावरच झाली.

झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. तुला इथलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि ते मी शेजारीपाजारी सांगत असते, तुझ्या कानावर येत नसेल एवढंच. आम्ही दोघं एफडीच्या पलीकडे गेलो नाही. तू गेलास, स्वतः वाचून, स्वतःच्या पगारातून.

तुला आठवतं का, शाळा सुटली की तू माझ्या बँकेच्या ब्रँचला यायचास आणि माझ्या चेक पासिंगच्या टेबलामागे स्टुलावर बसायचास? मी नमुना सह्यांचं कार्ड काढायचे, तू चेक शेजारी धरायचास. एकदा म्हणालास, आई, या वकिलांचा शेवटचा फराटा उलटा आहे. खरंच होता. चेक थांबवून फोन लावला, तर वकीलसाहेबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि सही डाव्या हातानं केलेली! मॅनेजर आठवडाभर तुला 'साहेब' म्हणत होते. ते पोर फराटा बघायचं, आणि आता आख्खी रांग न बघता सोडून देतं. बघ, परत तिथेच आले.

पत्त्याचंही तेच. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की पुरे, असं करतोस ना? अशी टोकं जुळणारे पत्ते लोक मुद्दाम बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात. मे २०२४ मध्ये एकानं तशा पत्त्यावर सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर पाठवले. पुढे बरेचसे परत मिळाले, हे त्याचं नशीब. पत्त्यात सुरुवातीचं शून्य-एक्स सोडून चाळीस अक्षरं असतात, ती यंत्राच्या पडद्यावर सगळी वाच. लॅपटॉपवर नको, तोच तर फसवणारा. ज्यांवरून किल्ली परत मिळते त्या चोवीस गुप्त शब्दांबद्दल तुला सांगायला नको.

एवढं कर. ब्लाइंड सायनिंग बंद ठेव, लागेल तेव्हा चालू कर आणि काम झालं की परत बंद. दिलेल्या परवानग्यांची यादी काढून नको त्या रद्द कर. गॅसचे थोडे पैसे जातील, जाऊ देत. मोठी रक्कम अशा वेगळ्या पत्त्यावर ठेव जो कुठल्याच साइटला कधी जोडायचा नाही. आणि पडद्यावरचं कळलं नाही तर रिजेक्ट. नाकारलेला व्यवहार चेनवर जातच नाही, त्याला एक पैसा पडत नाही. बँकेत चुकीची एंट्री आम्ही दुसऱ्या दिवशी फिरवायचो. तुमच्याकडे ती सोय नाही.

त्या दिवशी कुणाला काय दिलंस ते इथरस्कॅनवर, म्हणजे चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या त्या साइटवर, उघडून बघ आणि रविवारी फोनवर सांग. सगळं ठीक निघालं तर मी गप्प बसेन. निदान दिवाळीपर्यंत.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी पत्र वाचलं. भाऊकाकांचं तेवढं काढ म्हणाले. काढलेलं नाही.