फॉरमॅट मारण्याआधी सेफ मोड

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाबा, कॉम्प्युटर बंद पडला यापेक्षा त्यात टाइप करून ठेवलेल्या कुलवृत्तांताचं काय होईल, हीच काळजी तुमच्या बोलण्यात जास्त होती. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘फॉरमॅट मारावा लागेल’, आणि तुम्ही उद्याच नेऊन द्यायला निघालात. कृपा करा आणि अजून नेऊ नका. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. आधी कॉपी काढून ठेवली नसेल तर पणजोबांपासूनची सगळी नावं आणि आईने एकेक करून स्कॅन केलेले लग्नातले फोटो, सगळंच जाईल. त्याच्या आधी करून बघायचा एक उपाय आहे. तो घरी बसून होतो आणि त्यात तुमचं काहीही पुसलं जात नाही. तो म्हणजे सेफ मोड. फोनवर एखादी पायरी सुटली की गोंधळ होतो, म्हणून सगळं कागदावर लिहिते आहे. हा कागद कीबोर्डशेजारी ठेवा.

पावसाळ्यात घरातली एमसीबी पडते तेव्हा तुम्ही आधी सगळी बटणं बंद करता, एमसीबी वर करता, मग एकेक बटण लावून कुठलं उपकरण दगा देतंय ते शोधता. सेफ मोडमध्ये विंडोज तेच करतं. चालायला अगदी लागतंच तेवढं घेऊन उठतं आणि बाहेरून टाकलेले ड्रायव्हर (म्हणजे उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम), सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम, आवाज, वायफाय हे सगळं बाजूला ठेवतं. त्या अवस्थेत कॉम्प्युटर नीट चालला, तर विंडोजचा गाभा बहुतेक शाबूत आहे आणि खोट मागाहून टाकलेल्या कशात तरी आहे. तिथेही अडकला, तर डिस्क, रॅम किंवा विंडोजच्या स्वतःच्या फायलींवर संशय घ्यायचा. दुकानात जायचं ते हे कळल्यावर.

तुमच्या ऑफिसात सेफ मोडसाठी कीबोर्डवरचं एफ एट दाबत बसायचे, ते तुम्हाला आठवत असेल. विंडोज ९५ पासून ती रीत होती. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ती मुळात बंद करून ठेवलेली असते, कारण मशीन इतक्या झटकन सुरू होतं की बटण दाबायला सवडच मिळत नाही. आता असं करा.

तुमचा कॉम्प्युटर पासवर्ड विचारण्यापर्यंत येतो आणि त्यानंतर गोठतो, असं तुम्ही म्हणालात. तेवढं पुरे आहे. पासवर्ड टाकूच नका. उजव्या कोपऱ्यात खाली पॉवरचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. मग कीबोर्डवरचं शिफ्ट दाबून धरा आणि ते न सोडता रीस्टार्टवर क्लिक करा. थोड्या वेळाने निळा पडदा येईल. हा बिघाडाचा निळा पडदा नव्हे, आई, घाबरू नकोस. त्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज निवडून पुन्हा रीस्टार्ट दाबा. आकडे घातलेली एक यादी दिसेल. त्यातला ४ दाबा. ५ दाबलात तर इंटरनेटसकट सुरू होईल, ते आपल्याला नको आहे. मधेच डिस्कचं कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर ती मी छापून वीजबिलांच्या फायलीत लावून ठेवली आहे. पिन चालला नाही तर पूर्ण पासवर्ड टाका.

पडदा काळा दिसेल, अक्षरं मोठी आणि ओबडधोबड होतील, चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल. आवाज येणार नाही. हे सगळं ठीकच आहे.

आता पहिलं काम दुरुस्तीचं नाही. पहिलं काम कॉपी काढायचं. पेन ड्राइव्ह सेफ मोडमध्येही चालतो. आई, फोटोंचं फोल्डर तुला नेमकं माहीत आहे, तेव्हा हे तूच कर, आणि बाबांचं कुलवृत्तांताचं फोल्डरही त्यातच घे. पेन ड्राइव्ह उघडून दोन-चार फोटो दिसताहेत ना ते बघ, मगच पुढे जा.

मग बाबा, तुम्ही गेल्या आठवड्यात टाकलेलं ते फुकटचं, वेग वाढवणारं सॉफ्टवेअर. माझा पहिला संशय त्याच्यावर आहे, कारण त्रास त्यानंतरच सुरू झाला. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत कंट्रोल असं टाइप करून एंटर दाबा. प्रोग्रॅम्समध्ये जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा. ते सॉफ्टवेअर वरतीच सापडेल. त्यावर क्लिक करून अनइन्स्टॉल करा. काही प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये काढता येत नाहीत, कारण ते काढणारी विंडोजची सेवाच तिथे बंद असते. तसं झालं तर जबरदस्ती करू नका, नाव लिहून घ्या आणि मला फोन करा. बाहेर पडायला नेहमीसारखं रीस्टार्ट करायचं, बस.

व्हिडिओंमध्ये एमएसकॉन्फिग ही विंडोजची सेटिंगची चौकट उघडून सेफ बूटवर खूण करायला सांगतात. ते करू नका. ती खूण काढेपर्यंत कॉम्प्युटर दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होत राहतो.

हा उपाय हलका वाटू देऊ नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकाच वेळी ठप्प झाले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तेव्हा कंपनीने सांगितलेला उपाय हाच होता: मशीन सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यातून सुरू करा, अपडेटमधली ती सदोष फाइल काढा, रीस्टार्ट करा. हजारो तंत्रज्ञ एकेका मशीनपुढे बसून हे करत होते.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे. कॉम्प्युटर अडलेला असताना ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, आम्ही कंपनीतून बोलतोय’ असा फोन आला, तर तो ठेवून द्या. ते एखादं ॲप टाकायला लावतात आणि आपला पडदा त्यांच्या हातात जातो, मग बँकेचं खातंही जातं. कुठलीही कंपनी आपण न विचारता असा फोन करत नाही. ४ दाबून उघडलेल्या सेफ मोडमध्ये इंटरनेट नसतं, म्हणून मी तुम्हाला तोच आकडा सांगितला.

रीस्टार्टनंतर कॉम्प्युटर पुन्हा गोठला, तर तेव्हा पडद्यावर काय लिहून आलं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. सेफ मोडमध्येही अडकला असेल, तर ‘तिथेही अडकला’ एवढंच सांगा. मग मी रविवारी येऊन डिस्क काढून घेते आणि तपासून आणते. तोवर तो मुलगा काहीही म्हणाला तरी मशीन घरातून हलवू नका. फोन कराल तेव्हा स्पीकरवर ठेवा आणि आईला शेजारी बसवा, कारण पडद्यावरचं ती जसंच्या तसं वाचते.

तुमची,
मनू